दुपारचं ख्रिसमस जेवण की रात्रीची पार्टी?

ऑक्टोबर सरत आला की लंडनच्या ऑफिसांत एक फॉर्म फिरायला लागतो. आपले फराळाचे डबे अजून घासून पालथे घातलेले नसतात आणि इकडे विचारणा सुरू होते, ख्रिसमसच्या जेवणात आधी काय, नंतर काय, गोड काय. बऱ्याच ठिकाणी दोन कार्यक्रम असतात. एक आपल्या टीमचं दुपारचं जेवण, पंधरा-वीस माणसांचं. दुसरी सगळ्या कंपनीची रात्रीची पार्टी, भाड्याचा मोठा हॉल, डीजे, उभ्याउभ्या खाणं. दोन्हीकडे जाणं जमत असेल तर प्रश्नच नाही. पण घरात लहान मुलं असली आणि डिसेंबरची पानं भरत आली की एकाला नाही म्हणावंच लागतं. मी इथे अकरा वर्षं नोकरी करतोय. पहिली काही वर्षं रात्रीच्या पार्टीला जात होतो, नंतर दुपारच्या जेवणाला जायला लागलो.

डिसेंबर इतका का भरतो, हे पहिल्या वर्षी मला कळलं नव्हतं. २५ तारखेला लंडनमध्ये भुयारी रेल्वे, बस, लोकल गाड्या सगळंच बंद असतं आणि २६ लाही रेल्वेचा बराच भाग झोपलेला असतो. त्यामुळे ज्यांना भेटायचं त्यांना २० तारखेच्या आतच भेटावं लागतं. मुलांचं शाळेतलं नेटिव्हिटीचं, म्हणजे येशूच्या जन्माचं नाटक नेमकं कामाच्या दिवशी दुपारी. ऑफिसात सीक्रेट सँटा, म्हणजे नाव न सांगता एकमेकांना भेट द्यायची, एक दिवस ख्रिसमसचा स्वेटर. शेजाऱ्यांकडे मल्ड वाईन, म्हणजे मसाले घालून गरम केलेली वाईन, आणि सुक्या मेव्याचं सारण भरलेले मिन्स पाय. आणि शनिवार-रविवार आपल्या मराठी मंडळींचे, एकाकडे मिसळ, दुसऱ्याकडे प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा.

त्यात मार्गशीर्ष. ऑफिसच्या पार्ट्या इथे बहुतेक गुरुवारी ठेवतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी शुक्रवार, काम जरा हलकं. आणि आमच्याकडे मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचा घट बसतो. २०२५ मध्ये ४ डिसेंबरच्या गुरुवारी तर दत्तजयंतीही होती, आणि शेवटचा गुरुवार आला १८ तारखेला. पार्टीसाठी सगळ्या लंडनला तीच तारीख हवी असते.

रात्रीच्या पार्टीबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. एरवी ज्यांची फक्त ईमेलमधली सही माहीत असते ती माणसं तिथे समोर भेटतात. मी आज ज्या विभागात आहे तिथे येण्याची पहिली गोष्ट एका पार्टीत, कोट ठेवायच्या रांगेत उभं असताना झाली. माझ्या पुढे त्या विभागाच्या प्रमुख होत्या. वीस मिनिटं रांग हलली नाही आणि आम्ही बोलत राहिलो. दुपारच्या जेवणात हे होण्यासारखं नाही, तिथे रोजचीच माणसं असतात. नवीन नोकरी असेल, एकटे असाल, नाचायची आवड असेल, तर रात्र नक्कीच जास्त रंगते.

खाण्याचं मात्र रात्री काही खरं नसतं. मंद उजेडात ताटं फिरतात, आपण हात पुढे करायचा आणि वाढणाऱ्याला विचारायचं यात काय आहे. गाण्याच्या आवाजात त्याला आपलं ऐकू येत नाही, आपल्याला त्याचं. साडेआठनंतर ताटं फिरायची थांबतात, पेयं चालू राहतात. माझा अंदाज असा की याचं मूळ करात आहे. वर्षातल्या अशा कार्यक्रमांचा खर्च माणशी १५० पौंडांच्या आत राहिला तरच तो करमुक्त धरतात. मर्यादेच्या वर एक पौंड गेला तरी नुसत्या त्या पौंडावर नाही, त्या कार्यक्रमाच्या सगळ्या खर्चावर कर लागतो. हा आकडा २००३ पासून तिथेच आहे, आणि हॉलचं भाडं काही तिथे थांबलेलं नाही. मग कात्री लागते ती जेवणाला. हेही लक्षात असू द्या की सरकारी आणि पालिकेच्या नोकरीत बहुधा दोन्ही ठिकाणी पदरचेच पैसे भरायचे असतात. तसं असेल तर पोटभर मिळेल तिथे भरा.

पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला अडलं ते घरी परतणं.

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पाच मार्गांवर रात्रभर गाड्या धावतात, २०१६ पासून. फक्त शुक्रवारी आणि शनिवारी. गुरुवारी नाही. आम्ही राहतो हॅरोला, मेट्रोपॉलिटन लाईनवर, आणि ती त्या पाचांत नाहीच. त्यामुळे रात्रीच्या पार्टीत दहा वाजल्यापासून माझं अर्धं लक्ष घड्याळात. भाषण लांबलं, बक्षिसं निघाली, तेवढ्यात कुणीतरी जवळचा माणूस मनातलं सांगायला बसला, तर उठायचं कसं? एका वर्षी मी उठलो नाही. एका सहकाऱ्याचे वडील त्याच महिन्यात गेले होते. तो बोलत होता आणि मी ऐकत राहिलो. बेकर स्ट्रीटला पोचलो तेव्हा फलाटावरच्या पाटीवर माझ्या गाडीचं नाव नव्हतं. टॅक्सीचं भाडं नेहमीच्या अडीचपट दाखवत होतं. शेवटी बस पकडली. वरच्या मजल्यावर कुणी झोपलेलं, कुणी आजारी, काचा धुक्यानं आंधळ्या. घराचं कुलूप उघडलं तेव्हा सव्वादोन झाले होते.

स्वयंपाकघरातला लहान दिवा चालू होता. चौरंगावर घट तसाच, नारळावर हळदीकुंकू, विड्याची पानं कडेनं वळायला लागलेली. ईलिंग रोडवरच्या दुकानातून ती पानं बुधवारी मीच आणली होती. ओट्यावर माझं ताट झाकून ठेवलेलं होतं, पुरणपोळीवरचं तूप थिजलेलं. शेवटचा गुरुवार होता तो. मुलीनं त्या वर्षी पहिल्यांदा स्वतः कहाणी वाचली होती, अडखळत, पण सगळी. हे मला सकाळी कळलं. बायको एक शब्द बोलली नाही. मीच ठरवलं की गुरुवारी रात्री आता नाही.

दुपारच्या जेवणाला साडेबारा-एकला बसतात आणि चारला उठतात. डिसेंबरात इथे चारच्या आधीच सूर्य मावळतो, बाहेर दिवे लागलेले असतात. त्यानंतर मंडळी पबमध्ये जातात, आणि आपण कोट घालून "निघतो" म्हटलं की कुणी अडवत नाही. जेवण झालेलं असतं, त्यामुळे लवकर गेला असं कुणी म्हणत नाही. रात्रीच्या पार्टीतून दहाला निघालं की ते लगेच डोळ्यांत येतं.

आणि बसून जेवण्याची गोष्टच वेगळी. टेबलावर क्रॅकर ठेवलेले असतात. एक टोक आपण धरायचं, दुसरं शेजाऱ्यानं, ओढलं की फट्ट आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट निघतो. तो सगळ्यांनी घालायचा, साहेबांनीसुद्धा. दोन वर्षांपूर्वी माझ्या शेजारी हिशेबाच्या विभागातल्या एक बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या. पुडिंग आलं तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांची आजी त्यात सहा पेन्सचं नाणं घालायची, ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्ष चांगलं जायचं. मी म्हटलं, आमच्याकडेही आज कलशात नाणं आणि सुपारी घातली आहे. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं, कलश का, पानं किती, नंतर त्यांचं काय करता. जानेवारीत लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा पहिला प्रश्न होता, शेवटचा गुरुवार नीट पार पडला ना. रात्रीच्या आवाजात इतकं बोलणं झालं असतं असं मला वाटत नाही.

जेवणाच्या बाजूनं आणखी एक. मार्गशीर्षभर आम्ही मांसाहार करत नाही, आणि फॉर्मवर नावानिशी मागितलेलं ताट नावानिशीच समोर येतं. शाकाहारी म्हणून बहुधा नट रोस्ट, म्हणजे दाणे-बदामांसारख्या गोष्टींची भाजलेली वडी, किंवा मशरूम वेलिंग्टन, म्हणजे पेस्ट्रीत गुंडाळून भाजलेलं मशरूम असतं. तरी फॉर्म भरतानाच दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. भाजलेले बटाटे पुष्कळदा बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत भाजतात. ग्रेव्ही शाकाहाऱ्यांसाठी वेगळी लागते. आणि पारंपरिक ख्रिसमस पुडिंगमध्ये सुएट म्हणजे गाईगुरांची चरबी असते, तिच्याऐवजी वनस्पतीज चरबी घातलेलंही मिळतं. नोव्हेंबरात ईमेलनं विचारलं की स्वयंपाकघर व्यवस्थित उत्तर देतं. ऐन टेबलावर विचारलं तर वाढणाऱ्याची पंचाईत होते आणि आपलीही.

दुपारच्या जेवणात उणिवा नाहीत असं नाही. शेजारी कोण येईल ते आपल्या हातात नसतं, आणि एकदा बसलं की तीन तास तिथेच. माझी एक दुपार शेजाऱ्याच्या घराच्या गहाणकर्जात गेली. फॉर्म भरून आयत्या वेळी मूल आजारी पडलं तर पैसे परत मिळत नाहीत. वरच्या लोकांची ओळख होत नाही ती नाहीच, आणि तिची किंमत मी कमी धरत नाही. इथे येऊन पहिलं-दुसरं वर्ष असेल, तुमचं घर रात्रभर गाडी असलेल्या मार्गावर असेल आणि पार्टी शुक्रवारी असेल, तर मी रात्रीचीच निवडा म्हणेन. दोन्हीकडे न जाणं मात्र शक्यतो टाळा. जेवण कामाच्याच वेळेत असतं आणि तुमची रिकामी खुर्ची टीमला दिसते.

बाकी ज्यांच्या घरी संध्याकाळी कुणी वाट पाहतं त्यांनी दुपार धरावी, निदान मला तरी ती मानवली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे मार्गशीर्ष पुढे सरकतो आणि १० व १७ डिसेंबर हे दोन्ही गुरुवार त्यात येतात, तेव्हा फॉर्म आला की कालनिर्णय शेजारी घेऊनच भरा. गेल्या १८ डिसेंबरला मी सव्वापाचला घरी होतो. खिशात दोन कागदी मुकुट घडी करून आणले होते. मुलानं एक लगेच डोक्यावर चढवला आणि आरतीला तसाच टाळ घेऊन उभा राहिला. मुलगी कहाणी वाचायला बसली होती, आता न अडखळता.