कांड्या फुल्ल, फोन मात्र लागेना

नाशिकमध्ये हल्ली गाडीतच बिऱ्हाड थाटून फिरणारे बरेच दिसतात. ट्रॅव्हलरच्या सीटा काढायच्या, पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घ्यायची आणि शनिवारी भावली नाहीतर वैतरणा धरण गाठायचं. या मंडळींच्या मागोमाग त्यांना रेंज विकणारेही उगवले आहेत. अशाच एकाने मोबाईलची रेंज वाढवणारा बूस्टर म्हणून एक डबा देऊन आमच्याकडून फिटिंगसकट १७,८०० रुपये घेतले. पैशांपेक्षा मला त्याच्या पद्धतीबद्दल सांगायचंय, कारण फसलेला माणूस तक्रार करायलाच घाबरेल, असाच माल त्याने विकायला ठेवला होता.

गरज खरी होती. मी जीएसटीची रिटर्न भरते. ११ आणि २० तारीख, म्हणजे रिटर्नच्या मुदती, सांभाळून सुट्टी काढायची म्हटलं तर महिन्यात उरतं काय? रिटर्न भरताना ओटीपी क्लायंटच्या मोबाईलवर जातो आणि तो त्याने फोन करून मला सांगायचा असतो. म्हणजे नुसतं नेट असून भागत नाही, फोनही लागायला हवा. त्र्यंबकच्या पुढे हरसूलच्या बाजूला किंवा वैतरणेच्या काठाला खोलगट जागी गाडी लावली, की डोंगर आड येतो आणि दोन्ही जातं. त्यात गाडीचं अंग पत्र्याचं. बाहेर उभं राहून जेमतेम बोलता येतं, तिथे आत बसल्यावर तेही बंद.

शहराच्या मध्यवस्तीतल्या एका दुकानात पाटी होती: गाडीसाठी फोरजी-फाइव्हजी बूस्टर, डेमो बघा मगच पैसे द्या. हा डेमो मी सविस्तर सांगते, कारण सगळी करामत त्यातच आहे.

दुकानाच्या मागच्या बाजूला चार पायऱ्या उतरून एक खोली. तिथे रेंज मुळातच कमी. त्याने नवऱ्याला मोबाईल डेटावर स्पीड टेस्ट लावायला सांगितली. काटा दोन-तीन एमबीपीएसवर रेंगाळला. मग त्याने टेबलावरचा काळा डबा चालू केला, त्यावर दोन उभे दांडे, बाजूला निळे दिवे. "साहेब, फोन द्या जरा, सेटिंग करून देतो," म्हणत फोन हातात घेतला, काहीतरी दाबलं आणि परत दिला. आता स्पीड साठच्या वर. स्क्रीनवर पंख्यासारखं चिन्ह पूर्ण भरलेलं. "बघा, टॉवर फुल्ल!"

ते चिन्ह टॉवरचं नव्हतं, वायफायचं होतं. त्याने फोन डब्याच्या वायफायला जोडला होता आणि डबा दुकानाच्या ब्रॉडबँडला. साठचा स्पीड त्या ब्रॉडबँडच्या वायरीतून येत होता. नवऱ्याने विचारलंही, "बूस्टर आहे तर वायफायला कशाला जोडायचं?" उत्तर तयार होतं: "हा नवीन टाइप आहे, टॉवरचं सिग्नल ओढून वायफायमधून देतो." ऐकायला पटतं. पण टॉवरचं सिग्नल घेऊन वायफाय देणाऱ्या यंत्राला सिमकार्ड लागतं. त्याला फोरजी राउटर म्हणतात. या डब्याला सिमची खाचच नव्हती.

नंतर हाच डेमो आमच्या गाडीतही झाला. गाडी दुकानाच्या दारातच उभी होती, म्हणजे दुकानाच्या वायफायच्या टप्प्यात. तिथेही स्पीड झकास.

पैसे घेताना तो आवाज खाली आणून बोलला. "हे ओपनमध्ये विकता येत नाही. म्हणून पक्कं बिल करत नाही. ओळखीत देतो." या वाक्याने माल जास्तच खरा वाटायला लागतो. बंदी आहे म्हणजे वस्तूत दम असणार, असं माणसाचं मन आपणच ठरवून टाकतं. डबा ११,५०० रुपये, यूपीआयने. व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज आला, '४जी बूस्टर, फिटिंग वेगळं'. तो मेसेज पुढे सोन्याच्या मोलाचा ठरला.

वैतरणेच्या काठावर डबा चालू केला. निळे दिवे लागले, वायफायचं चिन्ह भरलं आणि खाली बारीक अक्षरात 'इंटरनेट उपलब्ध नाही'. नळालाच पाणी नसताना घरातला पाइप कितीही जाड केला तरी काय होणार, तशी ही वायफायची भरलेली चिन्हं. दुकानदाराला फोन करायला नवऱ्याला चढावर जावं लागलं. दुकानदार म्हणाला, एका मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून खिडकीत ठेवा, डबा तो पकडेल. ठेवला. थोडंफार नेट चाललंही, आणि तिथेच आमची शंका मागे पडली. खरं तर चालत होता तो खिडकीतला मोबाईल. डबा त्याचंच नेट पुन्हा आत फेकत होता आणि एकाच रेडिओवर घ्यायचं-द्यायचं असल्यामुळे वेग साधारण निम्म्यावर आणत होता. क्लायंटचा फोन काही आला नाही. असा वायफाय रिपीटर, म्हणजे मिळालेलं वायफाय पुढे फेकणारं यंत्र, टॉवरवरून येणाऱ्या साध्या कॉलची किंवा एसएमएसची रेंज वाढवतच नाही.

पुढची कारणं ठरलेली: टॉवरवर लोड आहे, पाऊस आहे, तुमचं सिम जुनं आहे. शेवटी, "मॅडम, तुमच्या एरियाला हाय गेन ॲन्टेना लागेल." ४,८०० रुपयांचा पांढरा फळकुटासारखा ॲन्टेना, खोक्यावर ॲन्टेनाच्या ताकदीचं माप छापलेलं, '३८ डीबीआय', सोबत दहा मीटर काळी बारीक केबल. टपाला भोक पाडून बसवायचे १,५०० वेगळे. आणि त्या भोकातून इगतपुरीच्या पावसाने थेट पलंगावर धार धरली, हे एक पुरवणीचं दुःख.

माझे धाकटे दीर सातपूरला एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतात. त्यांनी खोक्यावरचा आकडा वाचूनच हसायला सुरुवात केली. "वहिनी, दर तीन डेसिबलला ताकद दुप्पट होते. अडतीस म्हणजे सहा हजार पटींच्या वर. तेवढं मिळवायचं तर फोरजीच्या या लहरींना चार मीटरच्या आसपास व्यासाची डिश लागेल. गाडीपेक्षा डिश मोठी." गाडीच्या टपावरचा साधा चांगला ॲन्टेना तीन ते सहा डीबीआयचा असतो आणि त्याचा उपयोगही होतो. पण दहा मीटर बारीक केबल लावली, की दोन हजार तीनशे मेगाहर्ट्झसारख्या वरच्या पट्ट्यात जवळपास दहा डेसिबल केबलच खाऊन टाकते. म्हणजे वर मिळालेल्यातलं खाली पोचतं सुमारे दहावा हिस्सा.

मग त्यांनी डब्याचे स्क्रू काढले. आत काड्यापेटीएवढी वायफाय रिपीटरची पाटी. ॲन्टेनाची केबल जिथे आवळून बसवली होती, तो पितळी सॉकेट डब्याला नुसता चिकटवलेला. त्याच्या मधल्या पिनेला आतून वायर नाहीच. टपापासून आलेली केबल डब्याच्या भिंतीपाशी संपत होती. वरच्या दोन दांड्यांपैकी एक पोकळ.

आम्ही दुकानात गेलो. माणूस तोच, सूर बदललेला. आधी म्हणाला, इलेक्ट्रिक मालाची गॅरंटी नसते. मग म्हणाला, "करा ना तक्रार. बूस्टर तुमच्या गाडीवर बसलाय, माझ्या दुकानात नाही. गाडी जमा झाली तर मला सांगू नका."

या धमकीत खरं काय आणि पोकळ काय, हे नीट समजून घ्या. खरा मोबाईल सिग्नल बूस्टर खाजगी माणसाने बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून बिनतारी यंत्रांना परवाना लागत आला आहे, पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला. २०२२ साली दूरसंचार विभागाने जाहीर सूचना काढून सांगितलं होतं, की परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज कोणीही बूस्टर किंवा रिपीटर घेणं, विकणं, वापरणं गैर आहे. यामागे कारण आहे. स्वस्तातला बूस्टर आपला आवाज वाढवतो तसा गोंगाटही वाढवून टॉवरकडे परत फेकतो, आणि मग त्या टॉवरवरच्या बाकीच्यांचे फोन तुटायला लागतात. मुंबई-दिल्लीकडे इमारतींच्या गच्च्यांवरून असे बूस्टर उतरवले गेले आहेत.

पण आमच्या डब्यात बूस्टर होताच कुठे? भाऊजींनी यावरच बोट ठेवलं. आत होता तो २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय रिपीटर. तो पट्टा भारतात परवानामुक्त आहे, घराघरातले राउटर त्यावरच चालतात. म्हणजे त्याने बंदीची वस्तू म्हणून बिनबंदीची वस्तू दसपट किमतीला विकली होती, आणि बंदीची भीती तेवढी फुकट दिली होती. त्याच्या धमकीतली हवा तिथेच गेली.

तुमच्याकडे खरोखरचा बूस्टर निघाला, तर तो आधी बंद करा आणि उतरवा. विकण्याची परवानगी विकणाऱ्यालाही नव्हती, हे विसरू नका. त्याची बाजू तुमच्यापेक्षा लंगडी आहे.

आमच्याकडे बिल नव्हतं. पण यूपीआयची नोंद होती, तो मेसेज होता आणि डबा उघडतानाचा भाऊजींनी काढलेला व्हिडिओ होता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग एका वकील मैत्रिणीने २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा हवाला देऊन साधी नोटीस लिहिली, ती रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली असती तर पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मुंबई-पुण्याहून नाशकात येऊन माल घेतलेल्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं: तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, इथे खेपा घालाव्या लागत नाहीत. असे दुकानदार बाहेरगावच्या गिऱ्हाइकाच्या कंटाळ्यावरच जगतात, असं माझं मत आहे.

दुकानात कोणी डेमो दाखवत असेल तर वायफाय आणि मोबाईल डेटा दोन्ही बंद करा आणि घरी साधा फोन लावा. बूस्टर म्हणून विकताहेत ना, मग त्याने कॉल सुधारायला हवा. दुसरं, कांड्या मोजू नका, आकडा बघा. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या 'फोनविषयी' भागात सिमची स्थिती उघडली, की सिग्नलची ताकद उणे आकड्यात दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की तसंच. फोरजीला उणे पंच्याऐंशीच्या आसपास असेल तर छान, उणे एकशेदहाच्या पुढे गेला की कामाची रखडपट्टी. डबा चालू-बंद करून हा आकडा हलत नसेल, तर तुमच्यासमोर विकली जातेय ती फक्त दिव्यांची माळ. आणि डब्यावरच्या 'सीई' शिक्क्याला सरकारी मंजुरी समजू नका, तो युरोपचा शिक्का आहे.

आता आम्ही काय वापरतो? सिमची खाच आणि बाहेरच्या ॲन्टेनासाठी दोन सॉकेट असलेला फोरजी राउटर. त्याला पक्कं बिल आहे. टपावर दोन दांड्यांचा साधा ॲन्टेना, केबल जाड आणि जेवढी लागते तेवढीच. गाडीचा पत्रा आत जे अडवतो, ते यातून परत मिळतं, त्याहून फार नाही. राउटरमध्ये एका कंपनीचं सिम, माझ्या फोनमध्ये दुसऱ्या. ओटीपीच्या कॉलसाठी राउटरच्या वायफायवर वायफाय कॉलिंग चालू ठेवते, त्यामुळे आत बसूनही क्लायंटचा फोन येतो. आणि जिथे गाडीबाहेर उभं राहूनही 'सेवा नाही' असं स्पष्ट येतं, तिथे असा ॲन्टेना सहसा काही करत नाही. गाडी जरा पुढे काढून टॉवरच्या आणि आपल्या मधला डोंगर चुकवायचा, एवढाच इलाज. २० तारखेला आम्ही वैतरणेकडे जातच नाही, गंगापूर धरणाच्या बाजूला थांबतो.

नोटीस पोचल्यावर दुकानदाराचा स्वतःहून फोन आला, यावेळी 'ताई' म्हणून. डब्याचे आणि ॲन्टेनाचे पैसे यूपीआयने परत आले. फिटिंगचे दीड हजार मात्र त्याने दिले नाहीत. म्हणाला, भोक तर पाडून दिलं होतं ना.