टॉवेल, चादर आणि धुरकट फोटो: कॉन्ट्रास्ट वाढवण्याच्या पद्धती, काही महिने वापरल्यावर

सोलापुरात चादर-टॉवेलवाल्यांसाठी कॅटलॉगचे फोटो काढणं हे माझं मुख्य काम. जोडीला लोकांचे जुने फोटो स्कॅन करून उजळून देतो. गेले काही महिने दोन्हींसाठी गिंप आणि फिजी ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं वापरतोय.

‘इक्वलाइझ’, म्हणजे फोटोतल्या छटा आपोआप पसरवणारी कमांड, आधीच निकालात काढतो. एका क्लिकमध्ये फोटो झणझणीत दिसतो, पण ज्या छटेचे पिक्सेल जास्त, तिलाच ते जास्त जागा देतं. कॅटलॉगच्या फोटोत सगळ्यात जास्त काय असतं? मागचा पांढरा पडदा! मग पडद्याच्या सुरकुत्या आणि नॉइज (फोटोतले बारीक दाणे) ठळक होतात आणि टॉवेल बिचारा दबतो. रंगही बिघडतात, ते वेगळंच.

लेव्हल्स, म्हणजे काळं-पांढरं कुठे सुरू होतं ते ठरवणं, मात्र रोजची भाजी-भाकरी. विटलेल्या फोटोचा हिस्टोग्राम (० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं; कुठल्या छटेचे किती पिक्सेल याचा आलेख) साधारण ७० ते १९० मध्येच आक्रसलेला असतो. तो ० ते २५५ वर ताणला की निम्मं काम झालं. अडचण एवढीच की ८ बिटच्या स्कॅनमध्ये तेवढ्या भागात १२१ छटाच असतात. ताणल्यावर मधे फटी पडतात आणि गालावर, आभाळावर पट्टे दिसतात. म्हणून स्कॅन १६ बिटमध्येच करा, त्यात छटा कितीतरी जास्त असतात. गिंप २.१० पासून, म्हणजे २०१८ पासून, १६ बिटची फाइल व्यवस्थित हाताळतं.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, यात्रेचे फोटो कर्व्हजशिवाय (रेषा वाकवून छटा बदलण्याची सोय) जमत नाहीत. नंदीध्वजाची मिरवणूक, जानेवारीचं लख्ख ऊन आणि सगळीकडे पांढऱ्या बाराबंद्या (बंद बांधायचे अंगरखे). नेहमीचा ‘एस’ आकाराचा कर्व्ह दिला की बाराबंदीच्या चुण्या गायब, नुसता पांढरा ठिपका उरतो. मी कर्व्हचं वरचं टोक थोडं खाली ओढतो आणि चढ फक्त मधल्या छटांना देतो, म्हणजे चेहरे उठतात. मूळ फोटोतच पांढरं फुटून तपशील गेला असेल तर कुठलीच पद्धत कामाची नाही.

खरी कमाल फिजीतल्या क्लाहे (CLAHE) या पद्धतीची. हे फोटोचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकाचा हिस्टोग्राम वेगळा पसरवतं, आणि किती पसरवायचं याला मर्यादा घालता येते. फिजीत ब्लॉक (तुकड्याचा आकार) १२७ आणि स्लोप (पसरवण्याची मर्यादा) ३ असे आकडे आधीच भरलेले असतात. पांढऱ्या टेरी टॉवेलवर ब्लॉक ६३ आणि स्लोप दोनच्या आत ठेवला की धाग्याचा एकेक फासा सुटा दिसतो. लेव्हल्सने हे कधीच जमलं नव्हतं. चेहऱ्यावर मात्र जपून. स्लोप ३ वर विशीतली नवरी पन्नाशीची दिसते, कागदावरची बुरशीही नाकाएवढीच ठसठशीत होते. चेहऱ्यापुरता मास्क (तेवढा भाग झाकणं) लावून तिथे क्लाहे जवळजवळ बंदच ठेवतो.

रंगीत चादरीला आणखी एक काळजी. मरून रंग जरा जरी सरकला तरी माल परत येतो आणि बोलणी आम्ही खातो. त्यामुळे क्लाहे केलेली प्रत गिंपमध्ये मूळ फोटोच्या वरच्या लेयरवर (थरावर) ठेवून मोड ‘एलसीएच लाइटनेस’ करतो. उजेड-अंधार बदलतो, रंग खालच्या लेयरचाच राहतो.

चॅटवरून आलेल्या दाबलेल्या जेपेगवर यातलं काहीच फारसं चालत नाही. कॉन्ट्रास्ट चढवला की ८ बाय ८ चे चौकोन आधी वर येतात. व्यापाऱ्यांना मी आता स्पष्टच सांगतो, ‘शेठ, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग रेट बोलू.’