पीसीसी, डीनरी की जनरल सिनॉड? चर्च ऑफ इंग्लंडमध्ये उभं राहायचं तर कुठे

दरवर्षी हिवाळा सरत आला की चर्चच्या दाराशी वार्षिक सभेची नोटीस लागते आणि मला फोन यायला लागतात. ताई, व्हिकार (इथले पाळकसाहेब) म्हणतायत नाव द्या, पण नाव नक्की कशासाठी द्यायचं? एकाला पीसीसी म्हणजे चर्चचा स्थानिक कारभार बघणारी समिती हेच कळत नसतं, दुसऱ्याला कुणीतरी डीनरी सिनॉडचा (सिनॉड म्हणजे चर्चची प्रतिनिधीसभा) फॉर्म हातात दिलेला असतो, आणि एक भाऊ तर सरळ जनरल सिनॉडलाच उभा राहतो म्हणतोय. मी सहा वर्षं पीसीसीवर काढली, त्यातली शेवटची तीन डीनरी सिनॉडची सभासद म्हणून, त्यामुळे जे पाहिलंय ते लिहून ठेवते. हे सगळं फक्त इंग्लंडच्या चर्चबद्दल आहे हं, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडची अँग्लिकन चर्च वेगळी आहेत आणि त्यांचा कारभारही वेगळा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "आपण सीएनआयवाले, आपल्याला इथे कोण उभं करणार" असं म्हणून आपली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि चर्च ऑफ इंग्लंड यांची पूर्ण सहभागिता आहे, म्हणजे नाशिकला किंवा नगरला झालेला तुमचा बाप्तिस्मा इथे तितकाच चालतो. वय १६ पूर्ण असेल आणि तुम्ही त्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत, राहत असाल किंवा राहत नसूनही सहा महिने तिथल्या उपासनेला नियमित येत असाल, तर इलेक्टोरल रोलवर, म्हणजे चर्चच्या मतदारयादीवर, नाव लागतं. पीसीसीवर यायचं तर रोलवर सहा महिने झालेले हवेत आणि मागच्या बारा महिन्यांत निदान तीनदा प्रभुभोजन घेतलेलं हवं. एवढंच. फक्त एक लक्षात ठेवा, हा रोल दर सहा वर्षांनी कोरा करून नव्याने बनवतात, २०१९ ला झाला, २०२५ ला झाला, आणि त्या वर्षी ज्याने पुन्हा फॉर्म भरला नाही त्याचं नाव गेलं, मग तो वीस वर्षं येत असला तरी.

रचना समजायला आपल्याला अवघड नाहीये. पीसीसी म्हणजे पॅरोकियल चर्च काउन्सिल, ही ग्रामपंचायत. आजूबाजूच्या काही पॅरिश मिळून डीनरी सिनॉड, ही पंचायत समिती. मग डायोसिसन सिनॉड, म्हणजे जिल्हा परिषद, आणि अशा ४२ डायोसिस (डायोसिस म्हणजे एका बिशपचा विभाग). सगळ्यात वर जनरल सिनॉड. मजा म्हणजे ही जनरल सिनॉड सुरू झाली नोव्हेंबर १९७० मध्ये, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन आपलं सीएनआय जन्माला आलं, म्हणजे दोन्ही घरं एकाच वयाची.

पण सीएनआयची सवय घेऊन इथे आलात तर एक फरक नीट समजून घ्या, नाहीतर पहिल्याच वर्षी मन खट्टू होईल. आपल्याकडे पास्टोरेट कमिटीतल्या अर्ध्या गप्पा पाळकसाहेबांच्या बदलीच्या असतात. इथे व्हिकारची अशी बदली होत नाही, एकदा नेमले की ते स्वतःहून जाईपर्यंत किंवा सत्तरीला निवृत्त होईपर्यंत राहू शकतात, आणि पीसीसीचे अध्यक्षही तेच असतात. त्यामुळे गट बांधून व्हिकारला हलवू म्हणाल तर ते होणारच नाही, त्यांच्याबरोबर काम कसं करायचं हेच शिकावं लागतं. पीसीसीचा शब्द चालतो तो नवीन व्हिकार निवडताना. तेव्हा पीसीसी आपल्यातले दोन प्रतिनिधी निवडते आणि त्यांची संमती लागते. ते नाही म्हणाले तर त्या माणसाची नेमणूक तिथेच अडते.

तर पीसीसी. रोलवर ५० पर्यंत नावं असतील तर सहा सामान्य (म्हणजे पाळक नसलेले) सभासद निवडून येतात, १०० पर्यंत नऊ, आणि त्यापुढे वाढत जास्तीत जास्त पंधरा. मुदत तीन वर्षं, दरवर्षी एक तृतीयांश बाहेर पडतात. काम काय, तर पैसे, इमारत, सेफगार्डिंग म्हणजे मुलांची आणि दुबळ्यांची सुरक्षितता, हॉलचं भाडं, उपासनेचा कुठला विधी वापरायचा यात व्हिकारबरोबर संयुक्त निर्णय. ऐकायला कोरडं वाटतं. पण मंगळवारची रात्र, हॉलचं हीटिंग नीट चालत नाही म्हणून सगळे कोट घालून बसलेले, मधल्या टेबलावर चहाचे मग आणि ट्रेझररने वाटलेला एक कागद ज्यावर शेवटची ओळ उणे आहे, आणि ऑर्गनच्या मागच्या भिंतीवरून पाणी झिरपतंय. गटर तुंबलंय की छपराचं शिसं चोरीला गेलंय, ते अजून कळलेलं नाही. तीन कॉन्ट्रॅक्टरची कोटेशन मागवायची, डायोसिसच्या सल्लागार समितीचं मत घ्यायचं, मग फॅकल्टी म्हणजे चर्चच्या कोर्टाची परवानगी, त्यासाठी २८ दिवस नोटीस दाराला लावायची, आणि या सगळ्यात पावसाळा काही थांबत नाही (इथे तो बाराही महिने असतो). आमच्या त्या एका भिंतीला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत मला जेवढं कळलं की चर्च म्हणजे काय आणि ते कोण उभं धरून ठेवतं, तेवढं रविवारी बाकावर बसून दहा वर्षांत कळलं नसतं.

आणि तुम्ही तिथे आहात याने फरक पडतो. आमच्या मराठी प्रार्थना गटाला हॉल हवा होता, महिन्यातून एक शनिवार. आधी दोनदा तोंडी विचारलं होतं, हो बघू हो बघू करत राहिलं. मी पीसीसीवर आल्यावर तो विषय अजेंड्यावर लिहून घेतला, भाडं किती, चावी कुणाकडे, स्वयंपाकघर वापरायचं का, दहा मिनिटांत ठराव झाला. कुणाच्या मनात आमच्याबद्दल वाईट नव्हतं, फक्त टेबलावर आमचं कुणी नव्हतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या, पीसीसी सभासद हा कायद्याने चॅरिटीचा ट्रस्टी असतो. हिशेब न वाचता हात वर करायचा नाही. ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांनी यंदा थांबावं, पुढच्या वर्षी यावं, त्यात कमीपणा काही नाही.

वॉर्डनचं थोडक्यात सांगते. प्रत्येक पॅरिशला दोन चर्चवॉर्डन, त्यांची निवड वेगळ्या सभेत आणि त्या सभेत पॅरिशमधले साधे रहिवासी मतदारसुद्धा मत देऊ शकतात, चर्चला येत नसले तरी. मान मोठा, पण काम रोजचं. चांदीच्या प्याल्यापासून खुर्च्यांपर्यंत सगळ्या वस्तूंची जबाबदारी त्यांची, आणि व्हिकार गेले आणि नवीन यायचे आहेत अशा मधल्या काळात सगळा गाडा तेच ओढतात. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी पहिल्याच फटक्यात हे घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या ओळखीत एका बाईंनी घेतलं आणि वर्षभरात थकून चर्च बदललं.

आता डीनरी सिनॉड, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. याला कुणी उभं राहायला तयार नसतं. वार्षिक सभेत व्हिकार विचारतात डीनरीसाठी कोण, आणि सगळे आपापल्या चपला बघायला लागतात. कारण मीटिंगा खरंच सपक असतात, वर्षातून तीन-चार, कुठल्यातरी दुसऱ्या पॅरिशच्या हॉलमध्ये, पाहुणे वक्ते येतात, माहिती देतात, चहा होतो, घरी. ठराव असे फारसे नसतातच. मीही पहिलं वर्ष हेच म्हणत होते की संध्याकाळ फुकट गेली.

पण जनरल सिनॉडच्या सामान्य विश्वासणाऱ्यांच्या सभागृहावर कोण जाणार हे कोण ठरवतं माहितीये? रविवारी बाकावर बसलेले लोक नाही. डीनरी सिनॉडचे सामान्य सभासद ठरवतात, फक्त तेच. अगदी आपल्या विधान परिषदेसारखं, जिथे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य मिळून आमदार निवडतात, आणि मतदानही तसंच पसंतीक्रमाचं, एक दोन तीन आकडे घालून. म्हणजे ज्या खुर्चीकडे कुणी बघत नाही त्या खुर्चीच्या हातात राष्ट्रीय चर्चची मतपत्रिका आहे.

ही नुसती थिअरी नाहीये. २० नोव्हेंबर २०१२ ला स्त्रियांना बिशप करण्याचा ठराव जनरल सिनॉडपुढे होता. तीनही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागत होती. बिशपांमध्ये ४४ विरुद्ध ३, पाळकांमध्ये १४८ विरुद्ध ४५, दोन्हीकडे आरामात पास. सामान्यांच्या सभागृहात १३२ विरुद्ध ७४, आणि ठराव पडला. सहा मतं कमी पडली. त्याआधी तेव्हाच्या ४४ पैकी ४२ डायोसिसनी होकार दिलेला होता! मग पुन्हा सगळी प्रक्रिया, जुलै २०१४ ला सामान्यांच्या सभागृहातही १५२ विरुद्ध ४५ ने मंजूर, आणि जानेवारी २०१५ ला यॉर्कमध्ये अभिषेक होऊन लिबी लेन चर्च ऑफ इंग्लंडच्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. तुम्ही या प्रश्नावर कुठल्याही बाजूचे असा, मी बाजूने आहे आणि लपवत नाही, पण ती सहा मतं कुठून आली असती किंवा कुठे गेली याचा माग काढत गेलात तर तुम्ही २०१० च्या निवडणुकीत आणि तिथून कुठल्यातरी गावच्या वार्षिक सभेत पोचता, जिथे डीनरीसाठी कोण म्हटल्यावर सगळे गप्प बसले होते.

मला अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा याच चर्च ऑफ इंग्लंडमध्ये झाला आणि त्यानंतर त्यांनी तिथल्या मठातल्या भगिनींशी पत्रांतून किती वाद घातला, की मी ख्रिस्त स्वीकारलाय, माझी सदसद्विवेकबुद्धी कुणा पाळकाच्या स्वाधीन केलेली नाही. त्या काळी सामान्य माणसाला, त्यातून बाईला, हे मांडायला सभागृह नव्हतं, पीसीसीला कायद्याचे अधिकार मिळाले ते १९२१ साली. आज ती खुर्ची आहे आणि ती रिकामी राहते याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि सगळ्यात व्यवहाराचा मुद्दा, जो कुणी सांगत नाही. डीनरी सिनॉडवर निवडून आलेला सभासद आपोआप पीसीसीवरही येतो. वेगळी निवडणूक नाही. म्हणजे पीसीसीला उभं राहायची तयारी असेल तर वर्षाला तीन-चार संध्याकाळी जास्त देऊन तुम्हाला दोन्ही मिळतं.

डायोसिसन सिनॉडवर डीनरीचे लोक निवडून देतात, तिथे डायोसिसचं बजेट मंजूर होतं, आणि पॅरिश शेअर म्हणजे वर पाठवायच्या पैशाचं गणित तिथूनच खाली येतं. ज्यांना आकड्यांत रस आहे त्यांनी जरूर जावं. कधीकधी तिथे मोठंही घडतं, जगभरच्या अँग्लिकन चर्चना बांधणारा करार २०१२ मध्ये इंग्लंडपुरता इथल्या डायोसिसनीच पाडला, २६ विरुद्ध १८, आणि तेही दोन्ही आर्चबिशप त्याच्या बाजूने असताना.

राहता राहिली जनरल सिनॉड, आमच्या त्या भावासाठी. नियमाने तो थेट उभा राहू शकतो, डीनरीवर असायची अट नाहीये, १८ वर्षं पूर्ण आणि डायोसिसमधल्या कुठल्याही रोलवर नाव, प्रभुभोजनाची अट तीच. मुदत पाच वर्षं, मागची निवडणूक २०२१ ची, पुढची २०२६ ला. फेब्रुवारीत लंडनच्या चर्च हाउसला, जुलैत यॉर्क विद्यापीठात, आणि लागलं तर नोव्हेंबरलाही. कामाचे दिवस जातात, रजा तुमची. कागद ढिगाने येतात. पण ताकद खरी आहे, इथे मंजूर झालेला मेझर, म्हणजे चर्चच्या कायद्याचा मसुदा, पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांतून आणि राजाच्या संमतीनंतर देशाचा कायदा होतो. पार्लमेंट नाहीही म्हणू शकतं, १९२७ आणि १९२८ मध्ये नवीन प्रार्थनापुस्तक कॉमन्सने, म्हणजे पार्लमेंटच्या खालच्या सभागृहाने, दोनदा नाकारलं होतं. मात्र तुम्हाला मत देणारे डीनरीवाले तुम्हाला ओळखत नसतील तर दोन पानांच्या निवेदनावर कोण पहिली पसंती देणार? म्हणून मी त्याला म्हटलं, आधी तीन वर्षं डीनरीत तोंडओळख कर, तिथे बोल, मग उभा राहा. त्याला ते फारसं आवडलं नाही.

याशिवाय राष्ट्रीय पातळीवर आर्चबिशप्स काउन्सिल आहे, १९९९ पासूनची, फार तर १९ जणांची, आणि चर्चची मोठी गुंतवणूक सांभाळणारे चर्च कमिशनर्स वेगळे. तिथे काही जागा निवडणुकीने तर काही नेमणुकीने भरतात, तुमच्या-माझ्या फॉर्मचा तो विषय नाही.

तर घरात लहान मुलं आणि नाइट शिफ्ट असेल तर यंदा फक्त रोलवर नाव घाला आणि वार्षिक सभेला मत द्यायला या. छप्पर, हॉल, मुलांचा वर्ग, नवीन व्हिकार या गोष्टी जिवाला लागत असतील तर पीसीसी. आणि पीसीसी करणारच असाल तर माझा आग्रह डीनरीच्या फॉर्मसाठी आहे. डीनरीची निवडणूक दर तीन वर्षांनीच येते, मधल्या वर्षी जागा रिकामी आहे का ते सेक्रेटरींना विचारा, बऱ्याचदा असते. फॉर्मवर सूचक आणि अनुमोदक दोन्ही रोलवरचे लागतात आणि तुमची संमती. वार्षिक सभा ३१ मेच्या आत घ्यावीच लागते, त्यामुळे नोटीस लागली की त्याच रविवारी चहाच्या वेळी दोन सह्या घेऊन टाका.