बुडालेलं जहाज बघायचंय: तुलांबेन की बट्टिकलोआ?

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडून आठ-दहा जणांचा गट निघाला, की डायव्हिंगचं कार्ड (म्हणजे प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) दोघा-तिघांकडेच असतं. बाकीचे विहिरीत पोहायला शिकलेले. जागा ठरवायची ती या बाकीच्यांकडे बघून.

अशा गटाला बालीतलं तुलांबेन उजवं. अमेरिकी मालवाहू ‘लिबर्टी’वर ११ जानेवारी १९४२ ला जपानी पाणबुडीने टॉर्पेडो डागला. जहाज ओढत आणून किनाऱ्याला टेकवलं आणि १९६३ च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते पाण्यात सरकलं. त्यामुळे ते किनाऱ्यापासून जेमतेम ३०-४० मीटरवर पडलंय. वरचा भाग साधारण ५ मीटर खोलीवर, खालचा ३० च्या आसपास. कार्ड नसलेला प्रशिक्षकासोबत १२ मीटरपर्यंत, ओपन वॉटरवाला (पहिल्या पातळीचं कार्ड असलेला) १८ आणि ॲडव्हान्स्डवाला (त्यापुढच्या पातळीचा) ३० मीटरपर्यंत जातो, म्हणजे एकाच जहाजावर सगळ्यांची सोय. बोट नाही, त्यामुळे उलट्याही नाहीत. त्रास किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांचा. जाड तळव्याचे बूट आणि पट्ट्याचे फिन (पायात घालायचे पोहण्याचे पंख) घ्या. काठावर नव्हे, कमरेएवढ्या पाण्यात जाऊन फिन चढवा, नाहीतर लाट पाडतेच. मुक्काम गावातच करा आणि उजाडताच उतरा. दक्षिण बालीच्या गाड्या आल्या की जहाजावर जत्रा भरते.

श्रीलंकेतल्या बट्टिकलोआचं आकर्षण म्हणजे ‘हर्मिस’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका. ९ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी बुडवली. पण ती ५० मीटरहून खोल आहे आणि हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर. टेक्निकल (म्हणजे त्याहून खोल जाण्याचं) प्रशिक्षण नसेल तर एजंट काहीही म्हणो, यादीतून काढा. त्याच दिवशी बुडालेलं ‘ब्रिटिश सार्जंट’ हे टँकर सुमारे २४ मीटरवर आहे. ॲडव्हान्स्डवाल्यांना ते छान, पण बाकीचे बोटीत बसून राहणार.

मे महिन्याच्या सुट्टीत दोन्हीकडे जमतं. दिवाळीत श्रीलंकेचा पूर्व किनारा नको, तिकडे पावसाळी वारे सुरू झालेले असतात.

आता विहिरीची सवय. सूर मारताना आपण श्वास रोखतो. सिलिंडर पाठीवर असताना तेच सर्वांत घातक. १० मीटरवर भरलेली छाती तशीच घेऊन वर आलात, तर हवा दुपटीने फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं. श्वास सतत चालू ठेवा. खाली जाताना कान दुखायच्या आधीच, दर मीटरला नाक दाबून हलकेच फुंका आणि कानांवरचा दाब काढा. गोड्या पाण्याच्या तलावात सराव केला असेल, तर समुद्रात खाली जायला कमरेला बांधायचं शिशाचं वजन दोन-तीन किलो जास्त लागेल. जहाजाच्या पोटात शिरू नका: गाळ उठला की वाट दिसत नाही. २०० बारचं (बार म्हणजे हवेच्या दाबाचं एकक) सिलिंडर १०० ला आलं की परत फिरा, ५० शिल्लक ठेवून वर या.

एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर विमानाआधी किमान १८ तास थांबा; उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणूनच डाइव्ह केलेल्या दिवशी तुलांबेनहून डोंगरातल्या किंतामणीमार्गेही परतू नका; तो रस्ता दीड हजार मीटरच्या आसपास चढतो.