ट्रॅक्टरवर जीपीएस: कुठं बसवायचं, करंट कुठून घ्यायचा

एकराच्या भावानं रोटाव्हेटर किंवा पेरणी करणाऱ्या ट्रॅक्टरवर आता मोजणीचं जीपीएस, नाहीतर त्याच कामाला लावलेला मोबाइल असतो. यंत्र कोणतं घ्यायचं यावर आठवडाभर खल होतो आणि बसवणं पाच मिनिटांत उरकलं जातं. पुढं वावराच्या धुऱ्यावर जो वाद होतो, त्याचं मूळ बहुधा त्या पाच मिनिटांत असतं.

आधी स्टँड. सक्शनचा स्टँड कारच्या काचेसाठी बनलेला. ट्रॅक्टरला काच नाही, बोनेटवर कायम धूळ, आणि मे महिन्याच्या 45 अंशांत रबर मऊ पडून हवा सोडतं. तो घेऊच नये. चुंबकाचा स्टँड पत्र्याला घट्ट धरतो, पण मोबाइलचं होकायंत्र भरकटवतो. वेगळा अँटेना असलेल्या यंत्राला मात्र चुंबकाचाच बूड उत्तम: अँटेना पत्र्याच्या हूडवर, म्हणजे डोक्यावरच्या छतावर, यंत्र खाली. हूड पत्र्याचा असेल आणि अँटेना यंत्राच्या आतच असेल, तर हूडखाली बसवून आभाळ दिसत नाही आणि आलेख वेडावाकडा निघतो. फायबरच्या हूडखाली ही अडचण फारशी येत नाही, पण त्यावर चुंबक धरत नाही. तिथं लोखंडी चकती बोल्टानं बसवावी लागते.

उरला पाइपला आवळायचा क्लॅम्प. आमची पसंती यालाच. आत सायकलच्या ट्यूबची पट्टी, एम-6 (6 मिलिमीटर जाडीचा) बोल्ट, नायलॉक (कंपनानं सहज न सुटणारा) नट. पट्टी दबते, म्हणून पहिल्या आठ-दहा तासांनी नट पुन्हा आवळायचे. मोबाइल लावणार असाल तर जुना लावा. मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनानं कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपलनं 2021 मध्ये आपल्या फोनबाबत दिला होता. ढेकळातला ट्रॅक्टर त्याहून सौम्य कुठला?

फक्त क्षेत्र मोजायचं असेल तर यंत्र मडगार्डवर असलं तरी चालतं. पण स्क्रीनवरच्या रेषेवर ट्रॅक्टर धरून पेरायचं असेल तर अँटेना बरोबर मधोमध हवा. तो 60 सेंटिमीटर उजवीकडं असला की जाताना ट्रॅक्टर रेषेच्या डावीकडं जातो, येताना दुसऱ्या अंगाला. एका जोडीत 120 सेंटिमीटर पट्टा कोरा राहतो, पुढच्या जोडीत तेवढंच दुबार पेरलं जातं. तूर उगवल्यावर हे साऱ्या गावाला दिसतं.

आता करंट. मोबाइलला 5 व्होल्ट, 2 अँपिअर लागतात, म्हणजे 10 वॅट. 12 व्होल्टच्या बॅटरीतून ते सुमारे 1 अँपिअर होतं. एवढ्याला 1 चौरस मिलिमीटरची वायर आणि 3 अँपिअरचा फ्यूज पुरतो.

डॅशबोर्डवर चार्जिंगचं सॉकेट असेल तर तेच सगळ्यात स्वस्त, पण धक्क्यांनी प्लग ढिला होतो. करंट तुटला आणि यंत्र बंद पडलं, की पुन्हा सुरू होईपर्यंतच्या फेऱ्या नोंदीतून गळतात. त्यात अर्धा एकर गेला तर तो कोणाच्या खिशातून जातो, हे सांगायला नको.

थेट बॅटरीवरून घेतलं तर प्लगचा प्रश्न नाही, पण दुसरा येतो. पावसाळ्यात काळ्या जमिनीत वाफसा नसला की ट्रॅक्टर दहा-पंधरा दिवस उभाच. यंत्र सतत 200 मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला 4.8 अँपिअर-तास, दहा दिवसांत 48. साधारण 75-80 अँपिअर-तासांची बॅटरी त्यानंतर सेल्फ मारायला कुरकुरते. वाफसा येतो नेमका त्याच दिवशी.

म्हणून स्वतःच्या ट्रॅक्टरला चावीच्या स्विचमागून वायर घ्यावी. 1 अँपिअरसाठी रिलेची (जास्त करंट झेलणाऱ्या वेगळ्या स्विचची) गरज नाही. एक खोच मात्र आहे: अनेक ट्रॅक्टरांचं इंजिन चावीनं नव्हे, स्टॉपची दोरी ओढून बंद होतं. ड्रायव्हर दोरी ओढून उतरतो, चावी ऑनच राहते, आणि पुन्हा बॅटरी गळते. चावी काढून नेण्याची सवय नसेल तर मधे वेगळं बटण टाका.

फ्यूज ज्या टोकाला करंट घेता त्याच्या वीतभर अंतरात हवा. तो यंत्रासाठी नाही, वायर कुठं घासली तर आग लागू नये म्हणून असतो. अर्थिंग रंग खरवडून उघड्या लोखंडावर घ्या. वायर सायलेन्सर आणि पीटीओच्या (मागचं अवजार फिरवणाऱ्या) दांड्यापासून दूर, कंड्युटमधून (संरक्षक नळीतून) न्या. उंदीर उभ्या ट्रॅक्टरची वायर पहिली कुरतडतात. सेल्फ मारताना व्होल्टेज 9-10 पर्यंत उतरतं आणि 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारा स्वस्त कन्व्हर्टर त्या क्षणी बंद पडतो, तेव्हा इंजिन आधी सुरू करा, मोजणी नंतर.

रोज वेगळ्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्या ड्रायव्हरनं यातलं काहीच करू नये. 10,000 मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक आणि क्लॅम्प पुरे. फक्त ती बोनेटवर उन्हात ठेवू नका. सीटमागच्या पेटीत ठेवा.