लॉफ्ट घ्यायचे तर सोहोत की ट्रायबेकात?

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये जुन्या गोदामातले किंवा कारखान्यातले लॉफ्ट, म्हणजे उंच छताचे प्रशस्त मोकळे घर, विकत घेऊ पाहणाऱ्याची निवड बहुधा सोहो आणि ट्रायबेका या दोन परिसरांपाशी येऊन थांबते. सोहोचे देखणेपण निर्विवाद आहे. 1973 मध्ये वारसा क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या या भागातले ओतीव लोखंडाचे दर्शनी खांब इतके हुबेहूब दगडी वाटतात की खात्रीसाठी लोहचुंबक लावून पाहावे लागते. कायद्याचा गुंता मात्र इथेच अधिक आहे. 1971 पासून इथली बरीच घरे शहराने प्रमाणित केलेल्या कलावंतांसाठीच राखीव होती. 2021 च्या नव्या झोनिंगने (जमीन-वापराच्या नियमांनी) ती सामान्य निवासी वापरात आणण्याची वाट काढून दिली असली, तरी भोगवटा प्रमाणपत्रात नेमका कोणता वापर नोंदवला आहे, हे वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय इसार देऊ नये. शिवाय अनेक इमारती सहकारी असल्याने घराऐवजी संस्थेचे भाग (शेअर) हाती येतात आणि संचालक मंडळ खरेदीदाराला नाकारूही शकते.

ट्रायबेकात विटांची भक्कम गोदामे अधिक असून कलावंतांची अट तिथे सहसा आड येत नाही; भाव मात्र शहरातल्या सर्वांत चढ्या भावांपैकी आहेत. वारसा क्षेत्रात खिडकी बदलायलाही परवानगी लागते, हे दोन्हीकडे सारखेच. अरुंद, खोल लॉफ्टच्या मध्यभागी दिवसाही दिवा लावावा लागतो, ही बाब जाहिरातीतल्या छायाचित्रांत सोयीस्करपणे लपते. मुलाबाळांसह राहायचे असल्यास मी ट्रायबेकाकडे झुकेन.