पंचवीस हजारांत गाडी सुधारायची तर पैसे इंजिनात घालायचे की चाकांत?

माझी आणि मेव्हण्याची गाडी एकच, २०१८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, रंगपण पांढराच, त्यामुळे लग्नाकार्यात एकमेकांच्या गाडीत पिशव्या ठेवून मोकळे होतो आम्ही. दोन्ही गाड्या सत्तर हजार किमीच्या आसपास फिरलेल्या. त्याने दिवाळीत साडेबावीस हजार घातले ते सगळे बोनेटखाली आणि सायलेन्सरात, मी मार्चमध्ये पंचवीस हजार चारशे घातले ते सगळे गाडीच्या खाली. मे महिन्यात दोघांना कराडला जायचं होतं, तर जाताना आपापल्या आणि येताना अदलाबदल करून कुंभार्ली घाट उतरलो. ‘गाडीत काय करून घेऊ’ असं विचारणारे बरेच भेटतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी गुहागरकडचा, त्यामुळे माझे रस्ते म्हणजे वळणं, चढउतार, जांभ्याची तांबडी धूळ आणि चार महिने धो धो पाऊस. तुम्ही रोज एक्सप्रेसवेवर असाल तर थोडा फरक पडेल, फार नाही.

आधी त्याचा हिशोब. कोन फिल्टर (उघडा, कापडी एअर फिल्टर) ३२००, फ्रीफ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर ७०००, पेडल बॉक्स (ॲक्सिलरेटरला जोडायची डबी) ८५००, इरिडियम स्पार्क प्लग २४०० आणि फिटिंगचे १४००. माझा हिशोब असा की चार टायर १९२०० (जुने एक्सचेंजला देऊन), पुढचे ब्रेक पॅड १७००, ब्रेक ऑइल बदलायचे ६००, लोअर आर्मचे (पुढचं चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश आणि लिंक रॉड मजुरीसकट ३०००, अलाइनमेंट बॅलन्सिंग ९००. भाव तुमच्याकडे थोडे वरखाली होतील, पण एवढ्यातच बसतं.

त्याच्या गाडीत बसल्यावर पहिली पाच मिनिटं खरंच मजा येते, खोटं कशाला बोलू. स्टार्ट केली की घुमते, पायाने नुसतं टेकवलं की उडी मारते. "भावोजी, आवाज ऐका फक्त!" हे त्याचं पालुपद. पण येताना एक चढ लागला, दुसऱ्या गिअरवर ट्रकच्या मागे अडकलो, आणि मग पुढे जायला जागा मिळाली तेव्हा पूर्ण दाबल्यावर गाडी जेवढी जायची तेवढीच गेली. कारण पेडल बॉक्स ताकद वाढवतच नाही. या गाड्यांत ॲक्सिलरेटरला ओढायची वायर नसते, पेडल नुसता सिग्नल देतं आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, पेडल बॉक्स मध्ये बसून तो सिग्नल वाढवून सांगतो, म्हणजे तुम्ही पाव दाबलं की तो सांगतो अर्धं दाबलं. पूर्ण दाबलं की दोघांचं पूर्णच. साडेआठ हजारात तुम्ही पाय थोडा जास्त दाबायचं विकत घेतलंत. ट्रॅफिकमध्ये आणि मागे रिव्हर्स घेताना तर तो बंदच ठेवायला लागतो, नाहीतर गाडी धक्के खाते.

कोन फिल्टरचं तर कोकणात मला बिलकूल पटत नाही. या इंजिनची कपॅसिटी ११९७ सीसी, म्हणजे तीन हजार आरपीएमला ते मिनिटाला जास्तीत जास्त १८०० लिटरच्या आसपास हवा ओढणार, आणि तेवढी हवा कंपनीचा स्वच्छ कागदी फिल्टर आरामात देतो. घाटात आपण तिथेच असतो, तीन हजारच्या आजूबाजूला. फायदा दिसला तर सहा हजारला दिसेल, तोही दोन-तीन हॉर्सपॉवरचा, आणि गाडी सहा हजारला नेणार कुठे, पालशेतच्या बाजारात? वर तो उघडा कोन बोनेटखालची गरम हवा ओढतो, कंपनीची नळी बाहेरची गार हवा आणते. गार हवेत ऑक्सिजन जास्त असतो, म्हणजे उलटंच झालं. आणि आमच्याकडे चिऱ्याचे ट्रक जातात त्या रस्त्याने उन्हाळ्यात एक फेरी मारली की गाडी गुलाबी होते, ती बारीक माती तेलकट कापडी फिल्टरातून कागदी फिल्टरापेक्षा जास्त आत जाते. मेव्हण्याचा कोन खोलून त्याच्या मागच्या नळीत बोट फिरवलं तर बोटाला तांबडं लागलं. त्यावर तो म्हणाला, "पुसून घेऊ." इंजिनच्या आत गेलेलं कोण पुसणार रे बाबा.

फ्रीफ्लो सायलेन्सर म्हणजे आवाज, बाकी काही नाही. साध्या पेट्रोल इंजिनवर नुसता मागचा डबा बदलून पॉवर जवळजवळ मिळत नाही, आणि पाइप उगाच जाडा घातला तर खालचा पिकअप मऊ पडतो, आपल्याला चढावर हवा असतो नेमका तोच. शिवाय कराडहून येताना घरातली मंडळी मागे झोपू शकली नाहीत हा वेगळाच विषय. पोलिसांचाही ताप आहे, आवाजाचे सायलेन्सर पकडायच्या मोहिमा अधूनमधून असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माहीत असू द्या, गाडी कंपनीने जशी दिली त्या मूळ तपशीलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच सांगितलंय. आणि इन्शुरन्सवाल्यांना न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी बरोब्बर सापडतो.

इरिडियम प्लग मात्र वाईट नाहीत, टिकतात जास्त. पण जुने प्लग घासलेले असतील तर नवे साधे टाकूनपण गाडी तेवढीच गुळगुळीत होते. त्याला जो फरक वाटला तो नव्याचा होता.

आता माझी गाडी. टायरपासून सुरू करतो कारण एकोणीस हजार तिथेच गेलेत. व्हीएक्सआयला कंपनीकडून १६५/८० आर१४ येतात, बारीक आणि उंच. मी त्याच रिमवर १८५/७० आर१४ घातले. एकूण व्यास ६२० मिलिमीटरच्या जवळपासचा ६१५ झाला, म्हणजे फरक एक टक्काही नाही, स्पीडोमीटर किंचित जास्त दाखवतो एवढंच. लोड इंडेक्स ८५ चा ८८ झाला, म्हणजे एका टायरवर ५१५ किलोऐवजी ५६० किलो चालतं, आणि एप्रिल-मेमध्ये मागची सीट पाडून आंब्याच्या पेट्या नेणाऱ्याला हे कामाचं आहे. टायरवाला १९५ घ्या म्हणून मागे लागला होता, नाही घेतले. जास्त रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, स्टिअरिंग जड होतं, ॲव्हरेज पडतं. १८५ ला पण माझं ॲव्हरेज लिटरमागे पाऊण-एक किमीने कमी झालंय.

फरक कुठे कळला सांगतो. पहिला पाऊस पडला की रस्त्यावरची धूळ, तेल सगळं मिळून साबण होतो, आमच्या घराअलीकडे एक उताराचं डावं वळण आहे तिथे दरवर्षी कोणीतरी गडग्यावर जातं. जुन्या टायरवर तिथे तीस-पस्तीसला पुढचं चाक सरळ जायला बघायचं, स्टिअरिंग हातात हलकं व्हायचं, पोटात गोळा यायचा. यंदा तिथेच तोच स्पीड, काही नाही, गाडी गपगुमान वळली. एबीएस आहे ना मग कशाला, असं मेव्हणा म्हणतो, पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, पकड टायरचीच असते, आणि रस्त्याला टेकलेला टायरचा भाग पंजाएवढा. गोटा झालेल्या टायरला एबीएस काय करणार, नुसतं पायाखाली टरटर करत बसणार.

दुसरं म्हणजे बुश. हे कोणी मॉडिफिकेशनमध्ये धरतच नाही, आणि मला वाटतं पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक याच्यातच आहे. गाडी लिफ्टवर घेतली, मेकॅनिकने लोअर आर्मच्या फटीत टॉमी (लोखंडी दांडा) घातली आणि मनगट नुसतं वळवलं, तर पूर्ण आर्म बोटभर मागेपुढे हलला, रबर एका बाजूने फाटून लोंबत होतं. "हे बघा तुमचं स्टिअरिंग," म्हणाला. मी सहा महिने समजत होतो की गाडी जुनी झाली म्हणून डुलते. खड्ड्यातली कटकट, ब्रेक मारला की किंचित बाजूला ओढणं, सरळ रस्त्यावर सारखं सुधारत राहायला लागणं, हे सगळं तीन हजारात गेलं. मेव्हण्याच्या गाडीत तीच कटकट तशीच आहे, फक्त सायलेन्सरमुळे ऐकू येत नाही.

इथे माझी एक चूकपण सांगतो. दोन वर्षांपूर्वी पेट्यांच्या वजनाने मागचं बसतं म्हणून स्प्रिंगमध्ये ते रबराचे बफर घातले होते, दोन हजारवाले. बसायची थांबली हे खरं, पण रिकामी गाडी टणाटण उडायला लागली, आईने मागे बसायचं सोडलं. काढून टाकले. वजन नेताना टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर फुल लोडला जेवढी लिहिलीय तेवढी भरायची, ते फुकटात होतं आणि त्याने बरंच भागतं. गाडी खाली बसवायच्या स्प्रिंगांचं तर नावच काढू नका. दाभोळच्या फेरीबोटीत ओहोटीला गाडी चढवून बघा, एका खाली बसवलेल्या सेडानचा बंपर रॅम्पवर करकरताना आम्ही सगळ्यांनी ऐकलाय, मागची लाइन हॉर्न मारतेय आणि ते चौघं उतरून गाडी हलकी करतायत.

ब्रेकचं थोडं नीट समजून घ्या कारण इथे लोक सर्वात जास्त कंजुषी करतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आमच्या हवेत ओलावा किती ते भिंतीच्या बुरशीला विचारा. डॉट ३ ग्रेडचं ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओलावा धरलेलं १४० ला. डॉट ४ नवं २३० ला आणि ओलं १५५ ला. घाट उतरताना सारखा पाय ब्रेकवर ठेवला की डिस्क तापते, उष्णता ऑइलपर्यंत पोचते, त्यातलं पाणी उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. घाटमाथ्यावरच्या हेळवाकवरून खाली येताना मेव्हण्याची गाडी मी चालवत होतो, पाच माणसं आणि डिकीत आहेराची भांडी, निम्म्या घाटात पेडल नेहमीपेक्षा खाली जातंय असं जाणवलं तर बाजूला घेऊन पंधरा मिनिटं थांबलो, सगळ्यांना सांगितलं फोटो काढा. त्याने गाडी घेतल्यापासून ऑइल बदललंच नव्हतं. माझ्या गाडीत तो आरामात खाली येऊन घाटाच्या पायथ्याला पोफळीत चहा पीत होता. दर दोन वर्षांनी बदलायचं, सहाशे रुपये, आणि डबीवर जे डॉट लिहिलंय तेच किंवा गॅरेजवाल्याला विचारून ३ च्या जागी ४. उतरताना दुसरा गिअर, हे तर सांगायला नको.

म्हणजे इंजिनाला हातच लावायचा नाही असंही नाही. तुमची गाडी डिझेल टर्बो असेल, समजा तीच स्विफ्ट पण १.३ वाली, ७५ हॉर्सपॉवर आणि १९० न्यूटनमीटरची, तर रिमॅपने (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून) खरोखर वीस-पंचवीस टक्के वाढतात, कारण टर्बोचं प्रेशर वाढवता येतं. घाटात ओव्हरटेक करताना ते जाणवतं. क्लच लवकर जातो, वॉरंटी असेल तर ती जाते, आणि करणारा माणूस माहितीचा पाहिजे. आमच्या पेट्रोलला ८३ हॉर्सपॉवर आहेत, रिमॅपने फार तर पाच-सात वाढतील आणि पंधरा-वीस हजार जातील. त्यापेक्षा थ्रॉटल बॉडी साफ करा, एअर फिल्टर नवा कागदी टाका, हजार-दीड हजारात गाडी होती तशी होते, आणि बहुतेकांना पाहिजे असतं तेच.

मग कोणी काय करायचं. टायर चार-पाच वर्षांचे झाले असतील किंवा खाचा दोन मिलिमीटरच्या आसपास आल्या असतील (कायद्याने १.६ ला बाद, पण पावसात त्याच्या आधीच बाद समजा) तर दुसरा विचारच करू नका, सगळे पैसे तिकडे. टायर चांगले असतील तर आधी लिफ्टवर घेऊन बुश, लिंक रॉड, शॉकअप बघा, मग ब्रेक, आणि उरले तर लाइट. लाइटला १००/९० चे बल्ब नका टाकू, बेकायदा आहेत, वायर आणि होल्डर वितळतात, समोरच्याचे डोळे जातात ते वेगळंच. ६०/५५ वॅटमध्येच चांगल्या कंपनीचे एच४ घ्या आणि रिले लावून बॅटरीवरून सरळ वायरिंग घ्या, तेवढ्याच बल्बचा उजेड वाढतो कारण मध्ये व्होल्टेज पडत नाही. वायपरचे ब्लेड दर मे महिन्यात नवे, खाऱ्या हवेत आणि उन्हात रबर वर्षभरात कडक होतं. आणि वय वीस-बावीस असेल, गाडी स्वतःच्या पैशाची असेल आणि आवाजच पाहिजे असेल तर घ्या सायलेन्सर, फक्त पिकअप वाढला म्हणून सांगू नका.

मेव्हणा आता टायर बघतोय. त्याला सांगितलंय तेच सांगतो, दुकानात गेलात की टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात ते आधी वाचा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, ०८२५ म्हणजे २०२५ चा आठवा आठवडा. दीड-दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला माल स्कीममध्ये देतात. चारही टायरचे आकडे बघा, एकाचाच नाही. व्हॉल्व नवे टाकायला सांगा, पन्नास-शंभर रुपयांचे असतात आणि जुनेच ठेवून मोकळे होतात. आणि जायचं तर मिरगाच्या आधी जा, मिरग लागला की टायरवाल्याकडे लाइन असते आणि तुमचा साइज नेमका संपलेला असतो.